रिकाम्या खटक्याचा मान

आप्पा, तुम्ही मला पोलीस स्टेशनात मागाचा दांडा घेऊन पाठवलंत.

सासऱ्याने सुनेची थट्टा करावी, त्यालाही काही वेळकाळ असते. तुम्हाला जाऊन सोळा दिवस झाले होते. मांडववाल्याच्या खुर्च्या अजून अंगणात पडलेल्या, नाक्यावरच्या फ्लेक्सवर तुमचा तो टोपीतला फोटो हसतोय, आणि मी तुमची कायदा पाळणारी सून. परवानाधारक वारला की हत्यार जमा करायचं असतं, म्हणून दोन प्रतींत अर्ज लिहिला, मृत्यूच्या दाखल्याच्या झेरॉक्स जोडल्या, खांद्याला रायफलीचं खाकी कव्हर अडकवलं आणि खारबाववरून रिक्षाने निघाले. परवान्याची मूळ वही काही कपाटात सापडली नव्हती. मी मनातल्या मनात तुमच्या विसराळूपणाला दोष दिला आणि माझ्या फायलीतली प्रत घेतली. सव्वीस वर्षं शाळेच्या कचेरीत कारकुनी केलेली बाई आहे मी. एखाद्या कागदाची झेरॉक्स माझ्याकडे नाही, असं होत नाही.

हवालदारांनी अर्ज वाचला, तुमच्याबद्दल दोन बरे शब्द बोलले आणि म्हणाले, कव्हर उघडा, नंबर बघून घेऊ. मी दोऱ्या सोडल्या. आतून बाहेर आला यंत्रमागाचा लाकडी दांडा. धोट्याला टोला मारतो तो, टोकाला चामड्याचा तुकडा असलेला, कामतघरच्या कारखान्यात मिस्त्री म्हणून चाळीस वर्षं तुम्ही बदलत आलात तसला. जुन्या साडीत नीट गुंडाळलेला. साडी माझी.

हवालदारांनी तो हातात घेऊन उलटसुलट करून बघितला. "मॅडम, ह्याला लायसन लागत नाही."

शेजारच्या टेबलावरची बाई तोंड फिरवून हसली. मीही हसले असते, माझ्या जागी दुसरी कोणी असती तर. हवालदार भले होते. आत जाऊन रजिस्टर घेऊन आले, बोट फिरवत थांबले, आणि हळू आवाजात म्हणाले की आप्पांनी ही रायफल एप्रिलमध्येच विकलीय, ठाण्याच्या दुकानात. ना हरकत इथूनच गेली. परवाना पण त्यांनी स्वतः येऊन रद्द करून घेतला. "तुम्हाला घरात बोलले नाहीत का?"

नाही बोललात, आप्पा. एप्रिल, मे, जून, जुलै. चार महिने तो दांडा कपाटात उभा राहिला आणि चार महिने कपाटाची किल्ली तुमच्या करदोट्याला. मी समोर असताना तुम्ही कपाट उघडायचात, औषधाची चिठ्ठी काढायचात, त्या कव्हरावरून हात फिरवायचात आणि पुन्हा लावून घ्यायचात. दांड्यावरून हात फिरवायचात तुम्ही. माझ्या डोळ्यांदेखत.

गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मला ते जमलेलं नाही. दहाव्याला कावळा लगेच शिवला तेव्हा सगळे म्हणाले, म्हाताऱ्याचं काही मागे राहिलेलं नाही, सुटला बिचारा. सुटलात खरे. अडकले मी.

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. तुम्ही ऐकत असाल तर ऐका, हवं तिथे मान हलवा. रायफल घरात आली तुमच्या वडिलांच्या काळात. खाडीकाठच्या मिठागराचा साहेब देश सोडून जाताना त्यांना देऊन गेला आणि तेव्हापासून ती घरातल्या करत्या पुरुषाच्या परवान्यावर. कागदोपत्री कारण, पिकाचं संरक्षण. तिच्या त्या इवल्याशा गोळीने रानडुकराला गुदगुल्या झाल्या असत्या, पण आवाजाने भातावरची पाखरं उठायची म्हणे. मी सून होऊन आले तोवर गोळी आणणंही बंद झालं होतं. रायफल उरली होती दसऱ्यापुरती.

आणि दसऱ्याला काय थाट. विळे, कोयते, तुमचे पाने आणि पक्कड, आणि मध्ये पाटावर ती. हळद, कुंकू, झेंडूची माळ, वरून खोबरेल. आरती झाली की अंगणात उभं राहायचं, रिकामी नळी खाडीकडे करायची आणि वयाप्रमाणे एकेकाने खटका ओढायचा. ठक्. पुढचा. ठक्. त्याला आपल्या घरात मान म्हणतात. तुमचे भाऊ, पुतणे, मुलगे, गावातले दोन म्हातारे पाहुणे. बायका ओटीवर उभ्या राहून बघायच्या. माझ्या लग्नानंतरचा पहिला दसरा. माहेरी आमच्या घरात सगळ्यात धारदार वस्तू म्हणजे वडिलांचं टाकाचं निब. मी विचारून बसले, मी ओढू का? जावांनी पदर तोंडाला लावले. नितीन, माझा नवरा, जमिनीकडे बघायला लागला. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि रायफल माझ्या हातात दिलीत.

"वड. बोट हलू दाब."

ठक्. सप्तपदीने जे झालं नव्हतं ते त्या आवाजाने झालं. मी त्या घरातली झाले. त्याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत, कारण सासऱ्याचे आभार कसे मानतात ते मला कोणी शिकवलं नव्हतं. आता मानते. आणि लगेच पुढे भांडते, कारण त्याच ठक्-ने तर सगळी वाट लावली.

दीड वर्षापूर्वी परवान्याच्या नूतनीकरणाला गेलो तेव्हा साहेबाने विचारलं, बनावट कुठली? परवान्यात कुणा जुन्या कारकुनाने लिहून ठेवलं होतं, 'एक नग रायफल, लहान, विलायती.' माझ्याच धंद्यातल्या माणसाचं हे काम बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नंबर लिहिलेला होता, पण तो रायफलीवर कुठे दिसेना. जिथे असायला हवा तिथे दसऱ्यांचा थर बसला होता.

मग आपण ओटीवर बसलो. घासलेट, जुना टूथब्रश, काड्यापेटीच्या काड्या. कुंकवाखालून हळद निघाली, हळदीखालून खोबरेलाचा डिंक, डिंकाखालून पुन्हा कुंकू. तुम्ही म्हणालात, एवढा शेंदूर तर मारुतीच्या अंगावर न्हाय. दोन रविवार गेले. शेवटी नळीच्या मुळाशी काहीतरी खोदलेलं लागलं, पण इतकं झिजलेलं की डोळ्यांना वाचता येईना. तिथे मी कामाला आले. शाळेत पोरं नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासतात तसा मी नळीवर पातळ कागद धरला आणि पेन्सिल आडवी करून हळूहळू फिरवली. कागदावर एकेक अक्षर उमटत आलं. इंग्लंडमधल्या एका गावाचं नाव, मग नंबर, शेवटच्या आकड्यासकट. वहीतल्याशी जुळला.

"कारकुनीन कामाची हाय," तुम्ही म्हणालात. एवढं कौतुक तुम्ही नितीनचं जन्मात केलं नव्हतं. मी त्या संध्याकाळी चार चपात्या जास्त केल्या.

फोटो काढून एका रायफल क्लबातल्या जाणत्या गृहस्थांना पाठवले. ते म्हणाले, शंभरेक वर्षांपूर्वी शाळकरी पोरांना नेम शिकवायला अशा रायफली बनवत. एका वेळी एकच गोळी. तिची गोळी पेटते ती बुडाच्या किनारीवर टोला बसला की, आणि म्हणून खटका ओढल्यावर आतून पुढे येणारी पोलादी टाचणी मधोमध न मारता कडेला मारते. ही माहिती मी माझ्या वहीत लिहून ठेवली. तिचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. तुम्हाला कळला होता. तुमचा चहा निवून गेला, तुम्ही प्यालाच नाहीत.

ती चालते का हे बघायचं खूळ माझं. कबूल. ठाण्याला बंदुकांचं एक जुनं दुकान आहे, तिथले म्हातारे कारागीर, त्यांना सगळे चाचा म्हणतात. त्यांनी गोळी घालून बघितली, ती तोंडाशीच अडली, पूर्ण बसेना. मग बॅटरी लावून त्यांनी आत बघितलं, भिंग माझ्या हातात दिलं. नळीच्या काठावर एकाच जागी लोखंड चेपून आत आलं होतं. टाचणीचं टोक ठोकून ठोकून खिळ्याच्या डोक्यासारखं बसकं.

"खाली किसने चलाया इसको?" चाचा म्हणाले. "एक-दो बार नहीं. बरसों चलाया है."

त्यांनी समजावून सांगितलं. आत गोळी असली की टोला गोळीच्या मऊ पितळेवर बसतो. गोळी नसली की तोच टोला नळीच्या काठावर. मी मोजायला लागले. सत्तरेक दसरे. दहा-बारा माणसं. त्यातले बावीस टोले माझे, एकदा गरोदर होते म्हणून आणि एकदा शाळेची तपासणी होती म्हणून चुकले, नाहीतर चोवीस. मी खरं सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "घर में बच्चे लोग खेलते हैं."

आप्पा, बच्चे लोगांतला सगळ्यात लहान तुमचा पुतण्या प्रकाश, बावन्न वर्षांचा.

परतीच्या एसटीत मी तुम्हाला सरळ विचारलं, तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं ना? तुम्ही खिडकीतून खाडी बघत होतात. म्हणालात, "लोखंडाचा काम केलंय मी." बस्स. कामतघरला कुणी धोटा नसताना माग मारला तर दांडा फुटतो म्हणून त्याच्या सात पिढ्या उद्धरणारे तुम्ही. रिकामा टोला कुठे जातो हे भिवंडीत तुमच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि दर दसऱ्याला टोपी घालून उभे राहून तुम्ही ते टोले ऐकलेत. माझ्या हातात तर तुम्हीच दिलीत. बोट हलू दाब. हळू दाबल्याने टोला हळू बसतो का, आप्पा?

पण दुरुस्ती. त्या दुरुस्तीची एकेक फेरी आठवते आणि राग पाच मिनिटं बाजूला बसतो, चपला न काढता. सात वेळा आपण ठाण्याला गेलो. चाचांनी निमुळती, आरशासारखी घासलेली पोलादी सळई आत घालून तो चेपलेला काठ इस्त्री केल्यासारखा जागेवर आणला, दर फेरीला केसभर. टाचणी मात्र तुम्ही म्हणालात मी घडवतो. चाचा हसले, मग तुमचा हात बघितला आणि शेगडीवरचा चहा उतरवून आपली बैठक तुम्हाला दिली. तुम्ही मलाही कानस धरायला लावलीत. मी घासलेली टाचणी आखूड झाली. चाचांनी ती दोन बोटांत धरली आणि म्हणाले, कान कोरायला चांगली आहे. दुसरी तुम्ही केलीत.

"पुडं जातांना दाबायची," तुम्ही शिकवत होतात. "मागं येतांना उचलायची. मागं येतांना राग काडला की कानस मरते."

त्या वर्षीच्या दसऱ्याला रायफल ठाण्यात सुटी पडलेली होती. किती चांगली संधी होती सांगायची. घरच्यांना तुम्ही काय सांगितलंत? सरकारी तपासणीला गेलीय. प्रकाश कुरकुरला. तुमची थोरली बहीण, आमच्या आत्या, त्यांनी रिकाम्या कव्हराला कुंकू लावलं. मी तुमच्याकडे बघत होते, तुम्ही आरतीच्या तबकाकडे.

जानेवारीत चाचांना घेऊन रायफल क्लबाच्या मैदानावर गेलो. मी तिथली सभासद झाले होते, दोन महिने शिकत होते, त्यामुळे स्वतःला कोणीतरी समजत होते. पाच गोळ्या मारल्या. तीन माझ्या कागदावर लागल्या, एक शेजारच्या गृहस्थांच्या कागदावर, आणि पाचवीचा पंचनामा आजवर झालेला नाही. तुम्हाला झोपून मारता येत नव्हतं, म्हणून खुर्ची दिली, कोपराखाली वाळूची पिशवी. एकच गोळी. तुम्ही श्वास सोडलात आणि ती वाजली. इतका लहान आवाज, आप्पा. सत्तर वर्षं ज्याच्यासाठी हळदकुंकू वाहिलं तो आवाज वाळलेली फांदी मोडावी एवढासाच. कागद आणला तर मध्यापासून बोटभर डावीकडे.

चाचांनी दुसरी गोळी पुढे केली. तुम्ही नको म्हणालात. "बास. बोलली ती." रिकामं पितळ तुम्ही माझ्या तळहातावर ठेवलंत, कोमट होतं अजून. किनारीवरची खूण दाखवलीत, तुमच्या टाचणीची, स्वच्छ, चौकोनी. तुम्हाला धाप लागली होती. मी आपली समजले, आनंदाने. तुमच्या छातीचा रिपोर्ट त्याच्या महिनाभर आधीचा आहे. तोही मला कपाटातच सापडला, दांड्याच्या मागे. त्याचं भांडण वेगळं काढीन.

आज भांडायचंय ते अकलोलीचं. मार्चच्या शेवटी गुडघ्यांसाठी तुम्हाला तिथल्या गरम पाण्याच्या कुंडांवर नेलं होतं. तुम्ही धोतर वर खोचून पाय सोडून बसलात, मी शेजारी पाय सोडले आणि विषय काढला. म्हटलं, ह्या दसऱ्याला सगळ्यांना सांगून टाका. पूजा होऊ दे, माळ घाला, पण खटका ओढायचा नाही.

"त्यांचा मान हाय त्यो."

"मान म्हणजे टोला, आप्पा. भिंगातून बघितलाय तुम्ही."

"प्रकाशला काय सांगू? तुज्या बापानं वडला, तुज्या आज्यानं वडला, त्यो समदा चुकला?"

"हो. असंच सांगायचं."

"तुला सोप्पा हाय."

मी विचारलं, मला का सोपं? मी बाहेरची म्हणून? तुम्ही पाय बाहेर काढलेत, म्हणालात पानी लय तापलाय, आणि पंच्याने बोटांच्या बेचक्या पुसत बसलात. मी वज्रेश्वरीच्या स्टँडपर्यंत तुमच्याशी बोलले नाही. वडापाव आणून तुमच्या हातात दिला तोही न बोलता. मला वाटलं होतं, भांडायला पावसाळा सगळा पडलाय. तुम्ही पुढच्याच आठवड्यात रायफल विकून आलात.

पोलीस स्टेशनातून मी घरी गेलेच नाही. दांडा कव्हरात घातला आणि तशीच ठाण्याला गेले. चाचांनी मला बघितलं आणि आधी खुर्ची दिली. तुम्ही एकटे गेला होतात म्हणे, एसटीने, मांडीवर आडवी धरून. रायफलीला तेल केलेलं, जादाची एक टाचणी घडवून काड्यापेटीत ठेवलेली. चाचांनी ती लांबच्या एका क्लबाला दिली, तिथे मुली नेम शिकतात. मी विचारलं, तुम्ही त्यांना अडवलं नाहीत?

"पूछा था मैंने. मैं बोला, बहू के नाम कर दो, कानून में है." चाचा भिंग पुसत होते, बराच वेळ पुसत होते. "बोले, मेरी बहू सबसे लड़ेगी. और अकेली पड़ जाएगी."

मी त्या दुकानात रडले नाही, हे तुम्हाला मुद्दाम कळवते. मला इतका राग आला की चाचांनी समोरचा पाना उचलून फडताळात ठेवला.

मला वाचवलंत तुम्ही? कुणापासून? प्रकाशपासून, ज्याच्या पोरीचे दहावीचे फॉर्म मी भरले? जावांपासून? तुमच्यामागे दसरा येणार, सगळे हात पुढे करणार, मी नाही म्हणणार आणि लोक म्हणणार की बाहेरून आलेल्या कारकुनाच्या पोरीने आमचं हत्यार बळकावलं. एवढं सगळं तुम्ही कुंडात पाय सोडून बघितलंत. बरोबर बघितलंत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मी लढणार हे ठाऊक होतं तर लढू द्यायचं होतं. आणि एकटी पडेन एवढी काळजी होती तर हयात असताना अंगणात उभं राहून एक वाक्य बोलायचं होतं: पोरांनो, रिकामी वडायची न्हाय. चार शब्द. मी तेवढ्यासाठी तुमच्याशी वर्षभर भांडले. ते चार शब्द तुमच्याच्याने झाले नाहीत म्हणून तुम्ही चालती केलेली रायफल घालवलीत, आणि कारण म्हणून नाव दिलंत माझं.

मला ती हवी होती, आप्पा. हे मी तुम्हाला कधी म्हटलं नाही. सुनेने मागायचं नसतं आणि सासऱ्याने विचारायचं नसतं, असे आपण दोघेही रीतीचे पक्के.

घरी आले. नितीनला सांगितलं. तो म्हणाला, सगळ्यांना सांगू सरकारने जमा करून घेतली, कोण विचारायला जातंय. अगदी तुमचा मुलगा. मी म्हटलं, ह्या घरात आता ह्या विषयावर आणखी एक खोटं बोललं जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रकाश आला. दसरा महिन्यावर, परवाना कुणाच्या नावावर करायचा ते ठरवू म्हणाला. आत्या ओटीवर सुपात सुकट निवडत बसल्या होत्या. मी मांडववाल्याची एक खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं. विकली, कुणी विकली, का विकली. काठ, टाचणी, किनारीची गोळी. पेन्सिलीचा कागद दाखवला. आपण सगळ्यांनी मिळून तिला सत्तर वर्षं हातोडी मारली हे सांगितलं.

प्रकाश उभा राहिला. "म्हंजे आमी मोडली?"

"आपण. त्यात बावीस वेळा मी."

"वैनी, तुमी शिकलेल्या बाय. पन ह्यो आमच्या वाडवडलांचा रिवाज हाय. आज्यापासून चाललाय. आजा काय येडा व्हता?"

मी पेन्सिलीच्या कागदाची घडी घातली. हाच तो क्षण, ज्याची तुम्हाला भीती होती. जावा दारात उभ्या, नितीन मोबाईलकडे बघतोय, मी एकटी पडलेली.

आत्यांनी सूप खाली ठेवलं. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत, आवाज चढवत नाहीत.

"आज्यानं कदी रिकामी वडली न्हाय," त्या म्हणाल्या. "बा हात लावू देत नव्हता कोनाला. आप्पा पाच वर्साचा असल. दसऱ्याला अंगनात लोलला रडून रडून, मना वाजवाची, मना वाजवाची. समदी पूजा खोलंबली. बा कंटालला. बोलला, वड एकदा रिकामी आनी गप बस. फुडच्या वर्सी परत लोलला. मंग ह्याला दिली म्हून थोरल्यानी वडली, थोरल्यानी वडली म्हून धाकट्यानी. त्यो तुमचा रिवाज."

त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. प्रकाश खाली बसला. अंगणात कोणीतरी हसलं. दुखवट्याच्या घरात हसू नये हे मला माहीत आहे, पण ती मीच होते.

म्हणजे ते होतं तर. तुम्ही पाच वर्षांचे असताना घातलेला धिंगाणा पुढे घराण्याचा मान झाला, आणि करता पुरुष झाल्यावर तुम्हाला तो मोडता येईना. कामतघरला शंभर माग हलवणारा मिस्त्री, आणि एवढं एक सांगायला लाजला. मला सांगायचंत. त्या एसटीत, खाडीकडे बघताना. मी हसले असते, हो, नक्की हसले असते, आणि मग भिवंडी येईपर्यंत आपण काहीतरी ठरवलं असतं.

राग अजून आहे. तो पुष्कळ दिवस पुरेल, मी काटकसरीने वापरणारी आहे. पण त्यात आता एक अडचण झालीय, ती तुम्हाला सांगून हा कागद संपवते. रायफल माझ्या नावावर असती तर मी प्रकाशला नाही म्हटलं असतं. नितीनला, जावांना, गावातल्या त्या दोन म्हाताऱ्या पाहुण्यांना हात जोडून नाही म्हटलं असतं. सगळं घर माझ्याशी बोलेनासं झालं असतं तरी. पण आरती झाल्यावर तुम्ही टोपी सारखी करत समोर येऊन उभे राहिला असतात, आणि काही न बोलता नुसता हात पुढे केला असतात, तर मी ती तुमच्या हातात दिली असती. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, तुम्हाला घालूनपाडून बोलत, नवी टाचणी घासायला तुमच्याबरोबर ठाण्याला निघाले असते.